कुरियर कधी चुकत नाही

"कोण गाढव बसलंय छापखान्यात?"

लॉर्ड विदरिंग्टन एवढ्यांदा ओरडले, की बागेतल्या माळ्याच्या हातातून कात्री पडली. हॉब्स बटलरनं नुकताच इस्त्री करून आणलेला 'वेल्डन कुरियर' लोण्यात जाऊन पडला.

पेपर लॉर्डांचाच. आजोबांनी काढलेला. आजवर त्यात एकाही चुकीची दुरुस्ती छापलेली नाही. एकदा बिशप वारल्याची बातमी आली, तर बिशपनीच फोन करून, जिवंत असल्याबद्दल माफी मागितली होती.

आज दुसऱ्या पानावर होतं : 'लेडी ऑगस्टा पेल व कर्नल लॉर्ड विदरिंग्टन यांचा विवाह ठरला आहे.'

"आणि वर बाईचं नाव आधी! ही कुठली पद्धत?"

लेडी ऑगस्टा शेजारच्या बंगल्यातल्या. विधवा. त्यांच्या हंसांनी कधीकाळी लॉर्डांची हिरवळ खाल्ली, तेव्हापासून दोघं दर रविवारी चर्चच्या दारात भांडायचे. पाऊस असला तरी. ताप असला तरी.

संपादक ओग्डन धावत आला.

"साहेब, चूक माझीच. उद्या दुरुस्ती छापू?"

"कुरियर दुरुस्ती छापत नाही!"

"मग आपण नकार कळवा," हॉब्स हळूच म्हणाला.

"मी? अरे, खानदानी माणूस ठरलेलं लग्न मोडत नाही. मोडायचं तर बाईनं मोडायचं. तिनं मोडलं, की क्लबात माझी छी-थू. आणि नाही मोडलं, तर..."

लॉर्डांनी आरशापुढे जाऊन तिसऱ्यांदा टाय बांधला.

मग निघाले. सुदानच्या लढाईत एक पाय अधू झालेला, पण असे भराभर चालले की ओग्डनची दमछाक झाली.

"साहेब, एक सांगायचं होतं..."

"गप्प! मला भाषण पाठ करू दे."

लढाईत घोडा पडल्यावर पायी पुढे घुसलेला हा गडी, लेडी ऑगस्टांच्या दारातली घंटा वाजवायला मात्र ओग्डनला ढकलत होता.

आत टेबलावर चहाचे तीन कप मांडलेले होते.

"या कर्नल," लेडी ऑगस्टा म्हणाल्या. "आज बुधवार. आपलं भांडण रविवारी असतं."

"बाईसाहेब, ते पेपरातलं... ह्या गाढवाचा घोटाळा. तुम्ही खुशाल मोडा. मी अजिबात..." लॉर्डांचं पाठ केलेलं भाषण गेलं कुठल्या कुठे.

बाईंनी पेपर नाकाजवळ धरला.

"काय चुकलंय? नावं बरोबर आहेत. अक्षर जरा बारीक आहे. मला वाटलं, मोठ्या अक्षरात येईल."

"अहो, पण लग्न!"

"तुमचा पेपर चुकत नाही ना? गावभर छाती पुढे काढून सांगता. मग मी कोण त्याला खोटं पाडणार? ओग्डनला कामावरून काढलंत तर बघा हं. केक घे रे, ओग्डन."

लॉर्ड टोपी हातात फिरवत राहिले.

"आणि तुमचे हंस?"

"ते येणारच माझ्याबरोबर."

लॉर्डांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तळ्याकाठी हंस मान ताठ करून उभे होते, परेडला उभे असल्यासारखे.

"येऊ देत," ते म्हणाले. "हिरवळ परत उगवते."

फाटकाबाहेर येताच त्यांनी ओग्डनच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"शाब्बास रे पठ्ठ्या! काय चेहरा पाडला होतास! मला वाटलं, हसतोस आता आणि सगळं उघडं पाडतोस. काल रात्री तुला फोनवर ती जाहिरात सांगताना मी माझंच नाव दोनदा चुकलो, ठाऊक आहे?"

ओग्डननं घसा खाकरला.

"साहेब, तुमचा फोन आला तोवर पान छापूनही झालं होतं. तुमची जाहिरात उद्या येतेय. आजची जाहिरात बाईसाहेब काल दुपारीच देऊन गेल्या होत्या."