कोरलेला भोपळा

मंगरूळपीरजवळच्या शाळेत निता मॅडम सकाळपासून वैतागल्या होत्या. हॅलोविनच्या खेळात एका तरी पोरानं ‘आय ॲम अ घोस्ट’ म्हणावं, एवढाच व्हिडिओ चारच्या आत ऑफिसला पाठवायचा होता. पोरं ढिम्म.

त्यात खेळासाठी डोळे-तोंड कोरलेला भोपळा खिचडीवाल्या बेबीबाईंनी शिजवून टाकला.

“काहून हो बाई?”

“कापेलच होता न मॅडम! मले वाटलं, तुमी मदत करून राह्यल्या.”

पोरांना वाढण्याआधी, नियमाप्रमाणे, त्या भोपळ्याचा पहिला घास मॅडमनीच चाखला होता.

पावणेचारला वर्गात खणखणीत आवाज आला, “आय ॲम अ घोस्ट.”

“शाब्बास! कोण बोललं?” मॅडमनी घाईनं मोबाइल रोखला. “पुन्हा म्हण!”

आवाज पुन्हा आला. अठराही पोरं तोंड गच्च मिटून मॅडमच्या पोटाकडे पाहत होती.