टिकाऊ पाकीट

तिच्या प्रयोगशाळेनं सहा वर्षं खपून अन्न टिकवणारी नवी फिल्म बनवली. त्या फिल्ममध्ये केसाहून हजारो पटींनी बारीक असे मातीचे नॅनोकण होते. हवा आत शिरत नसे आणि शिजवलेली भाजी तीन आठवडे ताजी राही. एकट्या राहणाऱ्या बाबांकडे दर तिसऱ्या दिवशी थकूनभागून डबा पोचवणारी ती, आता तीन आठवड्यांची पाकिटं एकदमच ठेवून येऊ लागली.

पण चारच दिवसांत बाबांचा फोन यायचा. "अगं, सगळं आंबलं बघ. येतेस का?"

असं तीनदा झालं. प्रयोगशाळेतले साहेब वैतागले. "बाजारात जायच्या आधी दोष सापडलाच पाहिजे!"

तिनं बाबांकडचं खराब पाकीट आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. फिल्ममध्ये काहीच खोट नव्हती. फक्त तळाशी, कडेला, सुईनं पाडलेली चार भोकं होती. मग तिनं फोन लावला.



"बाबा, आमच्या पाकिटांचं काही खरं नाही हो. मीच येत जाईन."