दर अर्ध्या तासाने

आईला विसरायचा आजार जडला आणि तिची रवानगी वृद्धाश्रमात झाली. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने तिच्या खोलीतल्या टॅबवर एक छोटंसं वेबपेज चालू करून दिलं. त्यातलं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, दर अर्ध्या तासाने आपोआप चालायचं आणि त्याच्याच आवाजात म्हणायचं, "आई, निघालोय गं, येतोच आहे."

ते ऐकलं की आई लगबगीने केस सारखे करायची, पलंगाशेजारची खुर्ची हाताने झटकायची आणि दाराकडे डोळे लावून बसायची.

"अरे, पण तू खरंच जाणार कधी?" बायकोने एकदा टोकलंच.

"अगं, तिच्या लक्षात कुठे राहतं? दर खेपेला तिला नव्याने आनंद होतो. आपलं काय जातंय?"

वर्षभराने एकदाची सवड काढून तो गेला. थेट त्या खुर्चीत बसला, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, आलो बघ मी."

आईने हळूच हात सोडवून घेतला.



"तुम्ही जरा त्या स्टुलावर बसता का हो? ही खुर्ची माझ्या मुलाची आहे. निघालाय तो, येतोच आहे."