मागच्या चाकाचा बोल्ट

"चावी." बिएरांनी हात पुढे केला.

राउनाने चावी त्यांच्या तळव्यावर ठेवली. ती खिशात गेल्याशिवाय मामंजी स्नोमोबाइलला हात लावत नसत.

दोघांनी मिळून गाडीची मागची बाजू उचलून लोखंडी घोडीवर चढवली. पट्टा आता अधांतरी होता. बिएरा गुडघ्यांवर बसले आणि तो जाड रबरी पट्टा हाताने फिरवू लागले. वीतभर फिरवायचा, थांबायचं, चिरा बघायच्या, धातूच्या क्लिपा बोटांनी चाचपायच्या. मग पुन्हा वीतभर.

"मामंजी, रेनडिअरच्या माद्या उत्तरेला निघाल्यासुद्धा," राउना म्हणाली. "वारा फिरला की कळप पांगेल. तुमची पूजा कधी आटोपणार?"

"आणि तळ्याच्या मध्यावर पट्टा तुटला, तर कळप येणार आहे का तुला शोधायला?"

राउना पट्ट्याकडे वाकली. तिचा नवरा इस्कु तीन वर्षांपूर्वी अशाच वसंतात गोठलेल्या तळ्यावर गेला होता. पट्टा तुटला, तो पायी निघाला, आणि किनाऱ्याजवळचा पातळ बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. घरात सासरा आणि सून, दोघंच उरली.

"हे बघ," बिएरा म्हणाले. "मागच्या चाकाचा बोल्ट सैल झालाय. पट्टा एका बाजूला घासतोय. लेमेतला फोन कर."

"बोल्ट तर मीही आवळते."

"आवळशील गं. पण बेअरिंग गेलं असलं तर? त्यालाच बघू दे."

लेमेत खालच्या गावातला मेकॅनिक. इस्कुच्या वर्गातला, धिप्पाड आणि अबोल. त्याची बायको दक्षिणेकडच्या शहरात गेली ती परत आलीच नाही, तेव्हापासून तो आणखीच अबोल झाला होता. दुपारी तो आपल्या गाडीवर हत्यारांची पिशवी बांधून आला. बेअरिंग शाबूत होतं. त्याने बोल्ट आवळला, पट्ट्याचा ताण जुळवला आणि चावी मागून घेतली.

"मागे उभी राहू नकोस, राउना," तो म्हणाला. "खडा अडकलेला असला तर गोळीसारखा सुटतो."

ती बाजूला झाली. पट्टा हवेतल्या हवेत सरळ धावला. राउनाने कॉफीचा कप त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्याउभ्याच संपवला, आभाळाकडे पाहिलं, "बर्फ टणक आहे अजून," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

महिनाभर हेच चाललं होतं. कधी क्लिप निखळलेली, कधी ताणाचा बोल्ट ढिला. दरवेळी लेमेतला बोलवण्यात अख्खा दिवस मोडायचा, आणि तिचा कळप इस्कुचा चुलतभाऊ सांभाळायचा. "तुमची गाडी आहे की आजारी म्हातारी?" असं तो परवा फोनवर म्हणालाही होता.

त्या संध्याकाळी राउनाने एक केलं. सगळे बोल्ट स्वतः तपासले, आणि प्रत्येक बोल्टवरून शेजारच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशने एक सरळ लाल रेघ ओढली. बोल्ट हलला, तर रेघ तुटणार.

सकाळी मामंजी लाकडं आणायला म्हणून गाडीच्या शेडमध्ये जाऊन आले. मग ती गेली. गाडी जागची हलली नव्हती, तरी मागच्या चाकावरची रेघ दुभंगली होती.

तिला आधी संताप आला. मग बिएरा नेहमीसारखे चावी मागायला आले, गुडघ्यांवर बसले, आणि त्यांची वाकलेली पाठ बघून तो ओसरला. बोल्ट सैल असलेल्या गाडीवर त्यांनी तिला एकदाही बसू दिलं नव्हतं. सैल तेच करत, शोधून तेच काढत. एक मुलगा तळ्याने नेला होता. उरलेल्या माणसाला धरून ठेवायला म्हाताऱ्याकडे दुसरं काय होतं?

लेमेत आला, काम करून, कॉफी पिऊन गेला. राउनाने मामंजींच्या कॉफीच्या कपात नेहमीसारखे चीजचे तुकडे टाकले आणि त्यांच्या शेजारी बसली.

"बोल्ट कोण सैल करतं, ते मला कळलंय."

बिएरा कपातलं चीज चमच्याने ढवळत राहिले.

"मी रागावले नाही," ती म्हणाली. "मी निघाले की तुम्हाला तळ्याची भीती वाटते. मग रोज रोज हे कशाला? कळप चुलत दिरांना देऊन टाकते. काउतोकेइनो गावातल्या एखाद्या दुकानात काम धरीन. तुम्हीही चला माझ्याबरोबर."

त्या कळपातल्या कितीतरी जनावरांच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा इस्कुने स्वतःच्या हाताने कापल्या होत्या.

"कळप देऊन टाकतेस?" बिएरा ताडकन म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना? तुझ्याइतका बर्फ ओळखणारं या पठारावर दुसरं आहे कोण? मला नाही तळ्याची भीती वाटत."

"मग हा उद्योग कशासाठी?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. बाहेर लेमेतच्या गाडीचा आवाज उतारावरून लांब लांब जात होता.

"तो पोरगा इतक्यांदा येऊन गेला, पोरी, आणि तू त्याला एकदाही जेवायला थांब म्हणाली नाहीस. आता मी आणखी किती बोल्ट सैल करायचे?"