सुखरामची जागा

तिसऱ्या कडव्यावर केवळरामचा आवाज पुन्हा फाटला.

पेटीवर बसलेल्या भय्याजींनी भाता सोडला. टाळ थांबले. मागच्या सहाजणांनी एकमेकांकडे पाहून माना खाली घातल्या. रामनवमी चार दिवसांवर आली होती आणि पवनीच्या भजन स्पर्धेत तालुक्यातली बावीस मंडळं उतरणार होती.

"काहून गा केवळराम? वावरात म्हनतेस तं बराबर म्हनतेस," भय्याजी म्हणाले. "इथं बसला का काय होते तुले?"

"घसा बसला."

घसा बसला नव्हता. समाजमंदिराच्या दारापाशी, खांबाला टेकून रुखमा बसली होती, आणि तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

रुखमा सुखरामची बायको. सुखराम या मंडळाचा मुख्य गायक होता. त्यानं वरचा सूर लावला की वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर ऐकू जातो, असं लोक सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पंधरा वर्षं केवळराम त्याच्या मागे बसून झील ओढत आला. कधी चुकून त्याचा आवाज उसळून पुढे गेला, तर सुखराम साऱ्यांदेखत म्हणायचा, "तू माघं राय केवळ्या. तुहा गळा बैल हाकलाचा आहे." लोक हसत. केवळरामही हसे. घरात सुखरामचा हात फार चाले; पण कलावंत माणूस, तापट असायचाच, म्हणून गावानं ते पोटात घातलं होतं.

भादव्यात सुखराम नदीत बुडाला. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला प्रेत सापडलं. पोहता येत नव्हतं, त्यात प्यालेला. दरडीवरून पाय घसरला असणार, असं पोलीस पाटील म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं.

मंडळातली पुढची जागा केवळरामला मिळाली.

त्या दिवशी तो नदीवर होता, हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. डोहाजवळ, दरडीच्या अलीकडे, तो म्हशीसाठी गवत कापत होता. पलीकडून धपकन पाणी वाजलं, आणि मग हाका. तो गळा ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. हाताशी गवत बांधायचा दोर होता. दहा-बारा पावलांवर दरडीची कड. आणि तो बसून राहिला. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. उठतो, आता उठतो, असं म्हणता म्हणता हाका थांबल्या. मग सगळं तिथंच टाकून तो धानाच्या बांध्यांमधून घराकडे पळाला. दुसऱ्या दिवशी गेला, तर गवत जागेवर होतं. दोर मात्र कोणीतरी नेला होता.

तेरवीला, पंगती उठल्यावर, रुखमानं त्याला हळूच विचारलं, "त्या दिवशी कुठं होते भाऊ तुमी?"

"वावरात."

"कोनत्या वावरात?"

केवळराम चपला शोधू लागला.

तेव्हापासून ती रोज सरावाला येऊ लागली. यायची, बसायची, त्याच्याकडे पाहायची आणि शेवटचा टाळ वाजला की उठून जायची. भजन ऐकून बिचारी नवऱ्याची आठवण काढते, असं बाया म्हणत. केवळरामला मात्र कळून चुकलं होतं. तिला सगळं माहीत आहे. ती फक्त वाट पाहते आहे. डोळे मिटून गायला लागलं, तरी ती नजर पापण्यांवर जाणवे आणि वरच्या सुराला गळा चिरून जाई.

"तिले सांगतो, येऊ नोको म्हनून," पेटी झाकता झाकता भय्याजी म्हणाले. "बाईले पाहून तुह्या मनात सुखराम येते. समजते मले."

"नोको भय्याजी," केवळराम म्हणाला. "मीच जातो तिच्या घरी."

सकाळी तो गेला. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. रुखमा त्यांतला काडीकचरा वेचत होती. त्याला पाहून ती उठली नाही, की बस म्हणाली नाही.

"वहिनी," तो उभ्यानंच म्हणाला, "मी त्या दिवशी वावरात नव्हतो."

तिचा हात थांबला.

"नदीवर होतो. दरडीच्या माघं. त्याच्या हाका आयकल्या मी. साऱ्याच्या साऱ्या."

पुढचं वाक्य त्यानं सात महिने घोकलं होतं. मी उठलो नाही. तीन शब्द. पण ओठ चिकटून बसले. त्याला वाटलं, आता ही किंचाळेल, शेजारपाजार गोळा करेल. करू दे. एकदाचं मोकळं तरी होऊ.

रुखमा उठली. जाऊन तिनं अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. इतक्या जवळून केवळरामनं तिचे डोळे आजच पाहिले. त्यांत राग नव्हता.

"गवतापाशी तुमचा दोर सापडला तवापासून, सात महिने रोज येऊन तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली मी," ती म्हणाली. "आज सांगतीन गावाले, का उद्या सांगतीन."

"वहिनी, आयका तं. मी..."

ती एकदम खाली बसली आणि तिनं त्याचे पाय धरले.

"कोनालेच सांगू नका भाऊ. मी ढकललं त्यायले तवा दरडीमाघं कोनी असन, हे मले काय मालूम?"