बांधावरच्या चपला

कापणीयंत्राचा नवा ड्रायव्हर श्रीशैल पीक बघायला गव्हात शिरणार, तोच इरव्वानं हटकलं, "चपला बांधावर काढ, बाबा."

बांधावर सगळ्यांच्याच चपला होत्या. "इथं देऊळ आहे का, आजी?"

"नाही. माझी लेक आहे."

श्रीशैल थबकला. इरव्वा शांतपणे सांगू लागली, "तांबेऱ्यानं सगळा गहू गेला, तेव्हा औषधं मारून मारून शिवारातली माती मेली होती. गव्हाला तांबेऱ्याशी झुंजायचं बळ देणारे जिवाणू मातीत असतात म्हणे. संशोधन केंद्रातल्या बाईंना ते एकाच जागी जिवंत सापडले. जिथं कधीच फवारणी झाली नव्हती, तिथं. आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीत, माझ्या गौराच्या समाधीवरच्या गवताच्या मुळाशी."

"मग?"

"माती घेऊ का, म्हणून बाईंनी विचारलं. मी म्हटलं, घ्या, पण खोरं लावू नका, हातानं उकरा. त्या मातीतले जिवाणू वाढवून गावभरच्या बियाण्याला चोळले."

श्रीशैलनं चपला काढल्या. मग त्यानं मागं उभ्या असलेल्या अवजड यंत्राकडे पाहिलं. "आणि हे, आजी?"

"हळू चालव," इरव्वा म्हणाली. "झोपेत दचकायची ती."