रोमन कमान

"अजून बारा दिवस द्या, आबा," झुंबर गवंडी म्हणाला. "चुना आतनं वला हाय."

सर्जेरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लासुर्ण्याजवळच्या त्या वाडीत शाळेला जागा त्यांनी दिली होती, दगडही त्यांचाच. सोमवारी कलेक्टरसाहेब उद्घाटनाला यायचे होते, आणि शाळेच्या तोंडाशी बांधलेली कमान अजून लाकडी आधारावर टेकून होती.

कमान साधीसुधी नव्हती. हेडमास्तरांनी पुस्तकातलं रोमचं चित्र दाखवलं होतं. दोन्ही अंगांना गोल खांब, खांबांच्या माथ्यावर दगडी पानं. पानं कुठल्या झाडाची ते मास्तरांनाही सांगता येईना, म्हणून झुंबरनं रुईची कोरली. चार महिने तो त्या दगडांतच राहिला होता. पण गेल्या आठवड्यातल्या अवकाळीनं चुना वाळू दिला नव्हता.

"मास्तर, ते रोमचं सांगा की ह्याला," सर्जेराव म्हणाले.

हेडमास्तर घुटमळले. "तिकडं म्हणे आधार काढताना गवंडी स्वतः कमानीखाली उभा राहायचा. दोन हजार वर्षं झाली, त्यांच्या कमानी अजून उभ्या आहेत."

"ऐकलंस? का तुझा तुझ्याच हातावर इश्वास न्हाय?"

सगळी वाडी भोवती जमली होती. बायकोकडं, बनाबाईकडं न बघता झुंबर कमानीखाली जाऊन उभा राहिला. तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

गड्यांनी पाचरी ठोकून सैल केल्या. एकेक लाकूड निघालं. वर कुठंतरी करकरलं, दगड दगडावर दबला, आणि कमान उभीच राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला.

झुंबर मात्र बाहेर येईना. त्याच्या खांद्यावर चुन्याचा ओलसर भुगा पडत होता. डाव्या खांबात, पानांच्या जरा खाली, केसाएवढी चीर होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती बोटभर खाली उतरली.

"आबा, खांब चिरलाय. या, माझ्याशेजारी हुबं ऱ्हाऊन बघा."

सर्जेरावांनी पाऊल उचललं. वर बघितलं. पाऊल मागं घेतलं.

"त्यात बघायचं काय? हुबी हाय की!"

मग कुंपणाच्या फटीतनं वळसा घालून ते शाळेच्या आवारात गेले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, चिरंवर झेंडूची माळ सोडा. अन् सोमवारी पोरं दोन्ही खांबास्नी खेटून हुबी करा. सायबावर फुलं टाकाया."

हेडमास्तर खाली बघत "बरं" म्हणाले.

झुंबर बाहेर आला.

"बने, समद्यांस्नी त्या लिंबापतूर मागं ने."

"अवो, चार महिनं राबलाय तुमी..."

"ने म्हनतो न्हवं."

लोक मागं सरले. त्यानं बाजूच्या कुंपणभिंतीला शिडी लावली, पहार घेऊन वर चढला आणि तिचं टोक कमानीच्या मधल्या दगडाला लावलं.

"झुंबऱ्या!" आतनं सर्जेराव किंचाळले, आणि दहा पावलं मागं पळाले.

पहिल्या घावाला रुईची पानं हादरली. दुसऱ्याला आख्खी कमान ढासळून खाली बसली.

तिसरा मारावाच लागला नाही.